मानेला जागा

पद्मजाबाईंच्या दारावर पाटी होती. ‘येथे डोकी काढायला शिकवतात. नुसता चेहरा हवा असल्यास खाली स्टुडिओत फोटो काढून मिळेल. उशीर झाल्यास कारण सांगू नये, आत येऊन बसावे.’

नम्रता पहिल्या दिवशी पोचली तेव्हा तिच्या ओठांवर नेमकं कारणच होतं. दापोडीहून मंडईला मेट्रोनं वीसेक मिनिटं लागतात, त्यात काही विशेष नाही. पण घराच्या दारापासून दापोडी स्टेशनपर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेला तिला त्या दिवशी दीड तास लागला होता. आधी मुक्ताईला भरवलं, ते तिनं उलटून टाकलं, मग दोघींचे कपडे बदलले, मग पोरगी झोपेना, आणि झोपली तेव्हा नम्रताच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत. ते एकेक बोट उलगडून सोडवलं आणि सासूबाईंना खुणेनंच सांगून ती चप्पल हातात धरून बाहेर पडली. एवढं सगळं तिनं मंडईमागच्या त्या अरुंद जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, पाटी वाचता वाचता, गिळलं आणि आत जाऊन बसली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. बोलल्या काहीच नाहीत. बारावीनंतर दारव्ह्याहून पुण्यात येऊन दहा वर्षं काढलेल्या माणसाला असं न बोललेलं बरोबर ऐकू येतं.

एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते बारा, आपल्या बाहेरच्या खोलीत, त्या वर्ग घेत. विद्यार्थी मोजून तीन. टपाल खात्यातून निवृत्त झालेले श्रीनिवासराव, कॉलेजचं एक लेक्चर बुडवून येणारी स्वराली, आणि आता ही.

बाईंनी तिला कागद दिला आणि कोणाचाही चेहरा काढायला सांगितलं. नम्रतानं मन लावून काढला. डोळे तर फारच सुरेख आले, पापण्यांसकट. बाईंनी कागद हातभर लांब धरला.

“डोकं कुठंय?”

नम्रताला कळेना. डोळे, नाक, तोंड, सगळं तर होतं. बाईंनी पेन्सिलीनं मोजून दाखवलं. टाळूपासून हनुवटीपर्यंत जेवढी उंची, तिच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. नम्रताचे डोळे पार वर, कपाळाला टेकले होते. त्याच्या वर डोकं असं नव्हतंच.

“एवढं असतं वर?” तिनं विचारलं.

“असतं. बरेच जण वापरत नाहीत, पण असतं.”

श्रीनिवासराव खोकल्याच्या आडून हसले. नम्रता मात्र परतीच्या मेट्रोत त्याचाच विचार करत बसली. आपल्या माणसांच्या कपाळावरचं आपण कधी पाहिलंय? आईचा पदर, बाबांची टोपी, सासूबाईंचा पदर. आणि मुक्ताईचं टोपडं. तिनं जेवढी डोकी जिवापाड पाहिली होती ती सगळी कपाळापाशी संपत होती, मग हाताला तरी दुसरं काय येणार?

खरं तर ती या वर्गाला आली होती तीच मुक्ताईपायी. मुक्ताई दीड महिना आधी जन्मली आणि अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. रोज दहा मिनिटं आईला आत सोडत. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. ती बघायची, घरी यायची आणि दवाखान्याच्या फायलीच्या पाठीवर तो चेहरा काढायचा प्रयत्न करायची. निघायचं ते कॅलेंडरवरचं बाळ. गुबगुबीत, गोल, कोणाचंही. ज्या चेहऱ्यासाठी जीव तुटतोय तो आपल्याला दहा मिनिटांत पाठ होत नाही, याची तिला लाज वाटली होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला होता. तो राग तिनं आठ-नऊ महिने जपून ठेवला आणि पोरगी रांगायला लागल्यावर वर्गात नाव घातलं.

त्या अठरा दिवसांची एक खूण मागे राहिली होती. मुक्ताई पेटीत कायम एकाच कुशीवर असायची, त्यामुळे तिचं डोकं उजवीकडून मागे चपटं झालं होतं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, नुसता हाडाचा आकार आहे, आत सगळं उत्तम आहे, वाढत्या वयात बरंच भरून येईल. नम्रताचा नवरा सुदर्शन हिंजवडीत नोकरीला. त्यानं ते इंटरनेटवर तपासलं आणि निर्धास्त झाला. पण त्याची आई मैनाबाई, ज्या बाळंतपणाला म्हणून वाशीमहून आल्या आणि नातीसाठी राहिल्या, त्या काही निर्धास्त झाल्या नाहीत. त्यांनी मोहरीची उशी शिवली. रोज तेल लावून डोक्याला हातानं गोलाई द्यायला बसल्या. आणि मोहरीनं जमेना तेव्हा टोपडं आलं. पांढरं, पिवळं, झालरीचं, बिनझालरीचं. आंघोळ सोडली तर पोरीचं डोकं उघडं दिसायचं नाही. फोटो तर टोपड्याशिवाय एकही नाही. दार वाजलं की मैनाबाई आधी टोपडं सारखं करत, मग कडी काढत.

नम्रता याला काही बोलली नव्हती. पोरीला त्या जिवापाड सांभाळत होत्या, त्यांच्या जिवावर तर ती आठवड्यातले दोन दिवस घराबाहेर पडत होती.

वर्गात बाईंची एक ठरलेली वाट होती. आधी चेंडू काढायचा. मग त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक चकती कापून टाकायची, कान येतात ती जागा. “पूर्ण गोल डोकं फक्त चेंडूलाच असतं,” बाई म्हणत. “माणसाचं कुठे ना कुठे कापलेलं असतंच.” मग मधली उभी रेघ, डोळ्यांची आडवी रेघ, मग नाक, मग हनुवटी. केस सगळ्यात शेवटी. केस म्हणजे टोपी, म्हणायच्या, ती घालण्यापूर्वी डोकं असलं पाहिजे. घरी सराव करायला त्यांनी बटाटे सांगितले. प्रत्येकाचा आकार वेगळा, त्यावर उभी-आडवी रेघ मारायची, बटाटा वाकडा-तिरका धरायचा आणि रेघा कशा वळतात ते काढायचं.

नम्रतानं कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये मध्ये बारा बटाट्यांवर स्केचपेननं रेघा मारल्या. चारपाचांना डोळेही काढले, राहवलं नाही म्हणून. संध्याकाळी मैनाबाई भाजीला बसल्या आणि टोपलीतून एकेक चेहरा त्यांच्याकडे बघायला लागला.

“काय वं नम्रते,” त्या विळीवरून न उठता म्हणाल्या, “बटाट्याचे डोये काढ म्हनलं होतं मी. बटाट्याले डोये काढ नव्हतं म्हनलं.”

त्या दिवशी दोघीही हसल्या होत्या. मुक्ताईनं एक डोळेवाला बटाटा पळवला आणि तिच्या हातून कोणी तो सोडवू शकलं नाही.

बाईंचं आणखी एक बोलणं होतं. नवशिके डोकं कागदाच्या मधोमध काढतात, नाहीतर खालीच. मग मान मावत नाही, खांदे कागदाबाहेर जातात, आणि माणूस विहिरीतून बघतोय असं दिसतं. नम्रताचं तर हमखास खाली घसरायचं. बाई मागून येऊन दोन बोटांनी कागदावर टकटक करत. “वर. डोकं वर काढ, नम्रता. खाली मानेला जागा लागते.”

असे तीन महिने गेले. तिच्या वहीत श्रीनिवासरावांचं टक्कल आलं, स्वरालीचा अंबाडा आला, रविवारी पेपर तोंडावर घेऊन पेंगणारा सुदर्शन आला. सुदर्शनचं डोकं तिला नव्यानंच कळलं. एक कान दुसऱ्यापेक्षा बोटभर वर होता. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं तेव्हा तो आरशासमोर जाऊन बराच वेळ उभा राहिला.

मग जावळाचं निघालं. मुक्ताईला तेरावा महिना लागत होता, विषम महिना, मैनाबाईंनी रविवार धरला. वाशीमहून त्यांचे दीर-जावा येणार, दारव्ह्याहून मामा सूरज येणार, त्याच्या मांडीवर बसवून केस उतरवायचे. मैनाबाईंनी त्या दिवसासाठी नवं टोपडं विणायला घेतलं. केस उतरले की लगेच घालायचं. आणि त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट आली. सुनेनं आता इतके दिवस शिकलंय, तर तिनं नातीचं एक मोठं चित्र काढावं. येणाऱ्यांनी आल्या आल्या आधी ते पाहावं. तेच डोळ्यांत राहील.

“छानसं काढ,” त्या म्हणाल्या. “गोल डोक्याचं.”

नम्रताला वाटलं त्या सहज बोलल्या. त्या सहज बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सरळ मांडलं. एवढं जाणं-येणं करून, लेकराला टाकून शिकते आहेस, तर घराच्या इभ्रतीला ते उपयोगी पडू दे. चित्र गोल आलं तर मी राहीन, पोरीला सांभाळीन, तू खुशाल जा मंडईला. नाही आलं तर मी सोमवारच्या गाडीनं गावी. मग बघ तुझा वर्ग कसा होतो ते.

असं बोलणं झालं. आवाज न चढवता, मटार सोलता सोलता.

नम्रतानं त्याच आठवड्यात प्रयत्न केला. खोटं कशाला सांगा, तिनं गोलच काढायचा प्रयत्न केला. वर्ग सुटला तर काय उरतं, हे तिला माहीत होतं. मुक्ताई झोपली की तिच्या शेजारी बसून तिनं चेंडू काढला, चकत्या नेमक्या सारख्या कापल्या, गाल भरले, पापण्या लावल्या. शुक्रवारी ते बाईंना दाखवलं.

“कोणाचं आहे?”

“माझ्या मुलीचं.”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “असं होय. मला वाटलं पावडरच्या डब्यावरून काढलंस.”

तेच ते कॅलेंडरवरचं बाळ. वर्षभरानं, सगळं शिकूनसवरून, तिनं पुन्हा तेच काढलं होतं, आणि या वेळी मुद्दाम. तिनं कागदाची घडी घातली. घडी बरोबर मुक्ताईच्या नाकावरून गेली.

मंगळवारी ती निघायला लागली तेव्हा मैनाबाईंनी पोरीला घ्यायला हात पुढे केले नाहीत. चित्र झालं का, त्यांनी विचारलं. नाही, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग आजपासूनच सवय कर, ने तिला तुझ्यासंगं. आणि स्वयंपाकघरातून, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “लयच डोकं वर काढून राह्यली आजकाल.”

नम्रता दारात होती. कडेवर मुक्ताई, खांद्यावर पिशवी, हातात चित्रांचं पॅड. ती वळली.

“वरच काढायचं असतं, आई. खाली मानेला जागा लागते.”

हे तिच्या तोंडून कसं निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही. मेट्रोत बसल्यावर तिला हसू आलं आणि मुक्ताईला वाटलं आपल्यालाच हसतेय, म्हणून तीही हसली.

वर्गात मुक्ताईला बघून स्वरालीनं लगेच तिला उचललं. श्रीनिवासरावांनी खिशातून राजगिऱ्याची वडी काढली, जणू ती याच दिवसासाठी खिशात ठेवली होती. बाईंनी जरा वेळ पाहिलं, जवळ आल्या आणि टोपड्याची नाडी सोडली.

नम्रताचा हात आपोआप पुढे गेला, टोपडं परत ओढायला.

“आत ऊन लागतंय का तिला?” बाईंनी विचारलं.

नम्रतानं हात मागे घेतला. बाईंनी टोपडं खिडकीच्या गजाला अडकवलं, सतरंजीवर मुक्ताईला बसवलं, पुढ्यात वडी ठेवली आणि जाहीर केलं की आजचं मॉडेल हे. हलणार, त्यामुळे डोळ्यांच्या मागे लागू नका. डोकं धरा.

तिघं बसले. नम्रता डावीकडे बसली. तिकडून डोकं भरदार दिसायचं, कानाच्या मागे छान वळण यायचं. तिनं चेंडू काढायला घेतला.

“जागा बदल,” बाई म्हणाल्या.

“इथून बरं दिसतंय.”

“बरं दिसण्याची सोय खाली स्टुडिओत आहे. पाटीवर लिहिलंय.”

नम्रता उठली आणि आपलं पॅड घेऊन उजवीकडे जाऊन बसली. तिकडे श्रीनिवासराव आधीच होते, त्यांनी थोडं सरकून जागा दिली. त्यांच्या कागदावर तिनं पाहिलं. त्यांनी त्या बाजूची चकती मोठी कापली होती आणि पुढे चालले होते, जशी कोणाच्याही डोक्याची कापली असती तशी. काही विचारलं नव्हतं, चुकचुकले नव्हते. त्यांच्यासाठी तो आकार होता.

मग तिनं पाहायला सुरुवात केली. वडी चावताना मुक्ताईच्या कानशिलावरची हाड-कातडी वरखाली होत होती. उजवा कान थोडा पुढे आला होता. त्यामुळे त्या बाजूनं ती कायम काहीतरी ऐकायला वळल्यासारखी दिसायची. त्या चपट्या जागेवर जावळाचा एक भोवरा होता, जो नम्रतानं कधी नीट पाहिलाच नव्हता, कारण आंघोळ झाल्या झाल्या त्यावर टोपडं यायचं. पेटीतली ती अठरा दिवसांची पोरगी अजून तिथे होती, त्या एवढ्याशा जागेत. एकटी, एका कुशीवर, काचेपलीकडे. आणि तिच्या आजीला, तिच्या आईलासुद्धा तेच नेमकं झाकायचं होतं.

बारा वाजता बाईंनी तिचा कागद पाहिला. तो हातभर लांब धरला. मग म्हणाल्या, “घरी पूर्ण कर. मोठ्या कागदावर.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

नम्रतानं ते चार दिवसांत पूर्ण केलं. सकाळी सुदर्शनची कंपनीची बस गेली की अर्धा तास, दुपारी मुक्ताईच्या झोपेत पाऊण. उजवीकडून, टोपड्याशिवाय, वडी हातात. डोकं वर, मान अख्खी, खांदे अख्खे. सुदर्शननं ते शुक्रवारी संध्याकाळी पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला, मग लगेच पडला. आई आत होती. तो हळू आवाजात म्हणाला, फार भारी झालंय, अगदी मुकू आहे, पण आईचं मन राख ना. दोन व्हर्जन कर. एक तिच्यासाठी गोल, ते रविवारी लाव, हे आपल्यासाठी ठेव.

“मुलगी एकच आहे,” नम्रता म्हणाली.

“अगं, आई खरंच जाईल.”

“जातील. मग मी हिला घेऊन वर्गाला जाईन.”

त्यानं कानाला हात लावला, वरच्या.

शनिवारी दुपारी नम्रतानं चित्र काचेच्या चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलं. लपवून ठेवायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. मैनाबाई विणकाम बाजूला ठेवून आल्या, चष्मा लावला आणि समोर उभ्या राहिल्या. नम्रता बाजूला भिंतीला टेकून. तिच्याजवळ उत्तरं तयार होती, चांगली सहा-सात. सकाळच्या आंघोळीपासून तिनं घोकली होती.

“चुकलं,” मैनाबाई म्हणाल्या.

“मी गोल काढणार नाही, आई. तुम्ही काहीही म्हणा.”

“गोल कोन म्हनलं? हे चुकलं.” त्यांनी काचेला बोट न लावता चित्राच्या उजव्या कानामागे दाखवलं. “चपटेपन इथून नाई सुरू होत.”

मुक्ताई खाटेवर झोपली होती. मैनाबाई तिच्याजवळ बसल्या, टोपडं मागे सारलं आणि रोज तेल लावताना ठेवायच्या तसा तळहात तिच्या डोक्यावर ठेवला. कानाच्या मागे दोन बोटं सोड, त्या म्हणाल्या, तिथून सुरू होते. आणि वर जाता जाता भरत येते, हे बघ, इथं हाड पुन्हा गोल लागते. तू तर सारंच कापून टाकलं. इतकी काही वाईट नाही माही पोरगी.

नम्रतानं त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. खरं होतं. तिनं रागानं काढलं होतं. बघाच, म्हणत काढलं होतं, आणि चकती जास्त कापली गेली होती. डोळ्यांना जे चार दिवसांत सापडलं नव्हतं ते या हातांना वर्षभरापासून पाठ होतं. या हातांनी ते रोज बोटाबोटानं मोजलं होतं, भरून येतंय का बघितलं होतं.

तिनं चित्र खाली घेतलं, चौकट उघडली, खोडरबर घेतलं. मैनाबाई खाटेवर बसून सांगत राहिल्या, अजून मांगं, अजून, आता बस. अर्ध्या तासात डोकं बसलं. या वेळी ते अगदी मुक्ताईचं बसलं, तिचं तिलाच कळलं.

“म्हणजे राहताय ना तुम्ही?” नम्रतानं चौकट परत लावताना विचारलं.

“नाई,” मैनाबाई म्हणाल्या. “बोलली ते बोलली. गोल नाई काढलं ना तू.” आणि पुन्हा टोपडं विणायला बसल्या.

रविवारी घर भरलं. सूरज मामा मांडी घालून बसला, न्हाव्यानं पाणी लावलं, आणि मुक्ताईनं आधी आकांत केला, मग मामाचा शर्ट भिजवून झाल्यावर ती गप्प झाली. जावळ उतरत गेलं तसतसं डोकं उघडं पडत गेलं, निळसर, ओलं, नवंकोरं. भिंतीवर चित्र आणि खाली तेच. आलेल्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि एकमेकांकडे. मैनाबाई नव्या टोपड्याची घडी हातात घेऊन उभ्या होत्या.

त्यांची धाकटी जाऊ पुढे वाकली. “वैनी, डोकं जरासं चपटं वाटते काय हो?”

“वाटत नाही, काकू. आहे,” नम्रता म्हणाली. “इकडून या. तिकडून नीट दिसत नाही.”

आणि तिनं सूरजच्या मांडीवरून मुक्ताईला उचलून खिडकीच्या उजेडाकडे उजवी बाजू केली. कोणाच्या तरी फोनचा कॅमेरा वर आला होता, तो हवेतच थांबला. टोपडं घाला आधी, मग फोटो काढू, असं कोणीतरी मागून म्हणालं.

नम्रतानं हात पुढे केला. “आई, द्या ते.”

मैनाबाईंनी टोपडं दिलं. नम्रतानं ते उलगडलं आणि त्यानं मुक्ताईच्या मानेवर चिकटलेले केस पुसले. कानामागचे, गळ्याचे, सगळे. मग झटकून खांद्यावर टाकलं.

“काढा आता,” ती फोनवाल्याला म्हणाली.

धाकटी जाऊ मैनाबाईंच्या कानाशी लागली, पण तिचा आवाज मुळातच कानात सांगण्याजोगा नव्हता. “तुही सून लयच डोकं वर काढून राह्यली, वैनी.”

पंधरा दिवस खपून विणलेलं टोपडं फडकं झालं होतं, ते मैनाबाई बघत होत्या.

“वरच काढा लागते,” मैनाबाई म्हणाल्या. “खाली मानेले जागा पायजे.”

जावेला काही कळलं नाही. कोणालाच काही कळलं नाही. मैनाबाईंनी तेलाची वाटी आणली, नातीला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर, उघड्या दारात, त्या डोक्यावर तेल जिरवायला बसल्या.

सोमवारी त्या गेल्या. बोलली ते बोलली. सुदर्शन त्यांना गाडीत बसवून आला आणि म्हणाला, आई रडली नाही, पण खिडकीशीही बसली नाही. नम्रतानं केर काढायला घेतला तेव्हा तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. नुसता खिळा होता. चौकट पलंगाखाली नीट ठेवलेली, कागद नाही. सुदर्शननं फोन लावला. गाडीच्या आवाजातून मैनाबाईंचं उत्तर नम्रतालाही ऐकू आलं. माह्या नातीचं डोकं हाय, मी सांगतलं तिथून निघालं, माह्या घरी लावीन. तिले म्हना दुसरं काढ. येते तिले.

मंगळवारी दापोडी स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर एका बाईंनी मुक्ताईच्या उघड्या डोक्याकडे पाहून, काहीतरी घाला हो बाळाला, असं सुचवलं. नम्रतानं त्यांना सांगितलं की काही घातलं तर मग डोकं दिसत नाही. त्या पुढच्या पायरीवर सरकल्या.

वर्गाला वीस मिनिटं उशीर झाला. पाटीवर लिहिल्याप्रमाणे तिनं कारण सांगितलं नाही. ते कडेवरच होतं.

“चित्र कुठंय?” बाईंनी विचारलं. “आज आणणार होतीस.”

“वाशीमला गेलं.”

“बरोबर जमलं होतं?”

“आधी चुकलं होतं. सासूबाईंनी दुरुस्त करून दिलं.”

बाईंनी यावर क्षणभर विचार केला. “मग त्यांना का नाही आणलंस? इथे दुरुस्त करायला पुष्कळ आहे.” आणि श्रीनिवासरावांच्या कागदाकडे पाहिलं. त्यांनी निमूटपणे तो पालथा घातला.

नम्रतानं मुक्ताईला सतरंजीवर सोडलं. केसांशिवाय ती आता सगळ्या बाजूंनी डोकंच डोकं दिसत होती. या वेळी नम्रता तिच्या पाठीमागे बसली, जिथून चेहरा दिसतच नाही. कोरा कागद घेतला, दोन बोटांनी वरची जागा स्वतःच ठोकून पाहिली आणि तिथे पहिली रेघ मारली. खाली बराच कागद मोकळा राहिला.